गेटवरची दाढी

केमिकल कंपनीच्या गोदामातून पिवळा धूर भसाभसा बाहेर येत होता आणि गेटवर अग्निशमन दलाचा एक जवान बंबाच्या पायरीवर बसून चक्क दाढी करत होता!

“लाज आहे का काही?” आत अडकलेल्या कामगाराची बायको त्याच्या अंगावर धावून गेली. “माझा नवरा आत केबिनचं दार लावून जीव मुठीत धरून बसलाय, आणि तुम्ही काय, नवरदेव व्हायला निघालात?”

जवानाने मान वर केली नाही. रजेवरून तसाच धावत आला होता बिचारा, भरघोस दाढीसकट. त्याचा जोडीदार मास्क चढवून कधीचा तयार होता, पण एकट्याने आत जायचं नाही हा नियम.

“वहिनी, दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. फटीतून विषारी धूर शिरतो. केबिनपर्यंत पोचायच्या आधीच मी आडवा होईन.” घाईघाईने रेझर ओढताना त्याच्या गालावर रक्त आलं होतं.

बाईने रेझर त्याच्या हातातून ओढूनच घेतला. “हलू नका!” हनुवटी धरून तिने उरलेली दाढी सपासप उतरवली. मास्क गालांना गच्च बसला. तिच्या नवऱ्यासाठीचा जादा मास्क त्याने खांद्याला अडकवला, आणि तो मास्क बघून ती एकदम ओरडली.

“अहो, पण... आमच्या ह्यांनाही दाढी आहे!”

जवानाने तिच्या हातातला रेझर घेतला, खिशात टाकला आणि जोडीदारामागोमाग धुरात पळत सुटला.