दुखण्याच्या तारखा

"कधीपासून दुखतंय?" असं आता कोणी डॉक्टर विचारत नसे. यंत्र पोटावरून फिरलं, की आतल्या प्रत्येक व्रणाची तारीख कागदावर छापून येई. सहा वर्षं मूल होत नाही म्हणून निरंजन आणि हेमांगी तपासायला आले होते.

"एंडोमेट्रिओसिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढतं, दर पाळीला दुखतं, आत व्रण पडत जातात. दोन्ही अंडाशयं निकामी झालीत. मूल होणं आता शक्य नाही. चार वर्षांपूर्वी आला असतात, तर काही करता आलं असतं."

निरंजनने कागद घेतला. पहिली तारीख हेमांगीच्या चौदाव्या वर्षातली होती.

"तुझ्या आईला कळलं नाही?"

"कळलं होतं. लग्न झालं की थांबेल, म्हणाली."

सर्वांत मोठ्या व्रणापाशी त्याचं बोट थांबलं. चार वर्षांपूर्वीची अठ्ठावीस एप्रिल. त्याच्या बहिणीचं केळवण. हेमांगी पोट दाबून ओट्याला टेकली होती. "पाहुणे आले की बरं हिचं पोट दुखतं," असं तो म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

"यंत्राची तारीख चुकत असेल ना?" त्याने विचारलं.

डॉक्टरीणबाई बोलायच्या आत हेमांगीने कागदाची घडी घातली.

"नाही चुकली," ती म्हणाली. "त्या दिवशी मी बत्तीस पुरणपोळ्या लाटल्या होत्या."