पायाचं सोडून बोला

"जयभीम. आधी पायाचं सांगतो," आदर्श म्हणाला आणि खुर्चीत बसता बसता त्यानं डाव्या पायावरची पँट वीतभर वर केली. हैदराबादेत, नामपल्लीच्या त्या इराणी हॉटेलात रविवारची गर्दी होती. शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांनी चहाच्या बशा खाली ठेवून तो कृत्रिम पाय नीट बघून घेतला. समोर बसलेल्या स्वप्नानं नुसती मान हलवली. "हौ, अॅपवर लिहिलेलं वाचलं मी. फोटो पण बघितला."

दुसरा कुणी असता तर त्यानं पँट खाली सोडून चहा मागवला असता. पण आदर्शच्या घरची रीत वेगळी होती. वडील नागोराव गेली पाच वर्षं त्याला घेऊन मुली बघत हिंडत होते, आणि कुणाच्याही घरी पाण्याचा पेला हातात यायच्या आत "आधी पायाचं सांगतो" म्हणत होते. फसवाफसवी नको, हा त्यांचा बाणा. त्यामुळे चौदा घरांत बोलणं पायापासून सुरू झालं आणि पायापाशीच संपलं. चौदाही घरांनी निरोप देताना एकच सांगितलं, "मुलगा हिरा आहे हो, पण..." त्यातला 'पण' पायाचा होता, हे सगळ्यांनाच कळत होतं. 'हिरा' मात्र आदर्शनं मनापासून खरा मानला होता.

पंधराव्या वेळी तो एकटा आला होता. लग्न जुळवायच्या अॅपवर ओळख त्याची त्यानं करून घेतली होती आणि बाबांना घरीच ठेवलं होतं. आठवडाभर त्यानं आत्मविश्वास वाढवण्याचे व्हिडिओ बघितले होते. त्यातल्या एका गृहस्थानं बजावून सांगितलं होतं, समोरच्याला दया दाखवायला जागाच ठेवू नका, बोलत राहा. आदर्शनं ते फारच मनावर घेतलं.

तो बोलला. सहाव्या वर्षी लॉरीखाली पाय कसा गेला ते सांगितलं. आजवरचे सहा कृत्रिम पाय आणि त्यातला कोणता कुठं चावायचा तेही सांगितलं. गोवळकोंड्याच्या पायऱ्या आपण न थांबता कशा चढलो आणि धडधाकट मित्र कसे धापा टाकत मागे राहिले, हे उभं राहून करून दाखवलं. मग बँकेतली बढती, सोसायटीच्या कॅरममध्ये मिळालेली ढाल, मॅनेजरला दिलेलं सडेतोड उत्तर. स्वप्नानं दोनदा तोंड उघडलं. एकदा ती "मी पण गोवळकोंड्याला..." एवढं म्हणाली, तेव्हा त्यानं "थांबा, खरी गंमत पुढंच आहे" म्हणून तिला गप्प केलं. दुसऱ्यांदा तिनं उघडलेल्या तोंडात उस्मानिया बिस्किट टाकलं. बिचारी कुकटपल्लीहून दोन बस बदलून आली होती. इकडे आदर्शची छाती फुगत चालली होती. आज आपलं जमणार, असं त्याला अगदी आतून वाटत होतं.

दीड तासानं, तिसऱ्या चहानंतर, स्वप्नानं पर्स उचलली. "मी निघते. राग मानू नका, पण आपलं जमायचं नाही."

आदर्शनं चेहऱ्यावर समजूतदार हसू आणलं. चौदा घरांत ते पाठ झालं होतं. "समजू शकतो मी. पायाचं असं आहे म्हटल्यावर, घरचे लोक..."

"पायाचं काय आलं मधे?" स्वप्ना भडकली. "पाय बिचारा दीड तास गप तरी बसला! तुम्ही मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. मी नोकरी कुठं करते, सांगा बरं?"

आदर्श खिशातला फोन काढून अॅपवर तिची माहिती शोधायला लागला. शेजारचा एक म्हातारा, कुणी विचारलं नसताना, म्हणाला, "बच्ची सही बोल री, साब."

ती गेली. पैसे देऊन आदर्श बाहेर फुटपाथवर आला, तोच नागोरावांचा फोन वाजला.

"सांगितलंस ना पायाचं?"

"सांगितलं. नको म्हणाली."

"जाऊ दे बाळा. लोकांची नजरच कोती. एका पायापायी हिऱ्यासारखा..."

"बाबा, पायाचं काहीच नव्हतं. मी फार बोलतो म्हणाली. मीच आवडलो नाही तिला."

चौदा नकारांना पुरलेलं सांत्वन या नकाराला लागू पडेना. मग त्याच्या आईनं, मालनबाईंनी, फोन ओढून घेतला. आई आता रडणार, म्हणून आदर्शनं मन घट्ट केलं. पण आई चक्क हसत सुटली होती.

"खरं बोलली की रे पोरगी! घरात तरी तू कुणाला बोलू देतोस? तू सुरू झालास की तुझा बाप टीव्हीचा आवाज वाढवून बसतो." मग तिचा आवाज खाली आला. "आधीच लेकराचा पाय गेलेला. त्यात आणि काय नावं ठेवायची, म्हणून आम्ही कुणी कधी बोललोच नाही रे."

रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. आदर्श रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला. पाय काही उगवून येणार नव्हता, पण तोंड जरा बंद ठेवायला काय जातंय? एकतीस वर्षांच्या त्या माणसाला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

"आई," फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून तो म्हणाला, "आणखी काय काय वाईट आहे गं माझ्यात? सांग ना, सगळं सांग!"