डाव्या कुशीतली आग

"नेमकं कुठे, ते एका बोटाने दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शैलाने ऑपरेशनच्या वणाखाली बोट ठेवलं. धाकट्या भावाला, दिगंबरला, तिने आपली किडनी दिली होती. तरी तो गेला, आणि तेव्हापासून तिच्या पोटात डाव्या बाजूला आग पडायला लागली. परकराची नाडी घासली तरी निखारा टेकल्यासारखं व्हायचं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, सगळं नॉर्मल. सासूबाई म्हणायच्या, "त्याचा जीव घुटमळतोय गं तुझ्यापाशी." शैलालाही तसंच वाटायचं. आग भडकली की ती हळूच म्हणायची, "दिगू, आहे रे मी."

डॉक्टरीणबाईंनी ती जागा दाबून धरली आणि तिला मान उचलायला सांगितलं. ती किंचाळलीच.

"पोटाच्या आत काही नाही. वरच्या थरातली एक नस वणात अडकली आहे," असं म्हणून त्यांनी तिथेच इंजेक्शन दिलं.

थोड्या वेळात आग विझली. शैलाने पोट चाचपलं, दाबून पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. भावाला घरातून नेलं तेव्हाही न रडलेली ती, तपासणीच्या टेबलावर हमसून हमसून रडली.

"परत दुखलं तर लगेच या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढे एका सकाळी भाकऱ्या थापताना ती आग परत पेटली. शैला भिंतीला टेकून बसली आणि तिने पदराखाली पोटावर हात ठेवला.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.