तीन विषयांची बेरीज

जागेश्वरच्या शामलाचं नाव यादीत सापडलं, तेव्हा बाबनरावांना आनंदाआधी चूक दिसली.

"हे आपली शामला नाही गा, जागेश्वरा. हिच्यापुढं गुण लिहून आहेत दोनशे एक्कावन्न. आपल्या पोरीचे तं तीनशे अठ्ठ्याण्णव."

जागेश्वर हातमागावरचा माणूस. इंग्रजी यादी वाचता येईना म्हणून शेजारच्या बाबनरावांना सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या फळ्यापर्यंत घेऊन आला होता. आकड्यांचं काही असलं की अख्खा मोहल्ला त्यांच्याकडेच येई. बाबनराव वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात मुनीम. रोकड चार आण्यांनी जुळली नाही तर जेवणाचा डबा उघडत नसत.

वाटेत त्यांनी त्याला दोनदा समजावलं होतं, "सहासष्ट टक्क्यांवर कुठचं गा सरकारी? मागच्या वर्षी प्रवेश चौऱ्याऐंशीवर बंद झाले. फॉर्मचे दहा रुपये पाण्यात गेले समज."

"पोरगी म्हणे भरू द्या, तं भरला," जागेश्वर म्हणाला होता. "मले कुठं तुमच्यासारखं कळते, मुनीमजी?"

आता मुनीमजी खिडकीशी गेले. चूक दाखवायला त्यांना मनापासून आवडे.

"साहेब, नाव बरोबर आहे, गुण चुकले. एकूण तीनशे अठ्ठ्याण्णव पाहिजे."

आतल्या कारकुनानं मान वर केली नाही. "फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. तीनच विषय धरतात. मराठी, इंग्रजी, बायोलॉजी घरी ठेवा."

"टक्केवारी?"

"तीनशेपैकी. दरवर्षी तशीच असते. पुढे चला, पीछे लाइन है."

बाबनराव पुढे चालले नाहीत. त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक तक्ता होता. त्यात राज्यातली चौदा कॉलेजं, प्रत्येकापुढं फी आणि मागच्या वर्षी किती टक्क्यांवर बंद झालं तो आकडा. खाली लाल शाईत त्यांच्या गिरिधरचे टक्के, साही विषयांचे: एकोणसत्तर पूर्णांक त्र्याऐंशी. त्या आकड्यात एकच कॉलेज बसलं होतं, नुकतंच निघालेलं खाजगी. डोनेशन बत्तीस हजार. वाडीतला प्लॉट विकून मागच्या गुरुवारी भरले. पावतीवर छापलं होतं, 'स्वखुशीने दिलेली देणगी. परत मिळणार नाही.'

गिरिधरही म्हणाला होता, बाबा, सरकारी फॉर्म एक भरून ठेवू.

"जे होणारच नाही, त्यावर दहा रुपये कशाले?"

घरात आकड्यांवरून त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे.

फळ्यापाशी परत आले तेव्हा जागेश्वर तिथंच उभा होता, हातात शामलाची गुणपत्रिका उलटी धरून. "काय म्हणे साहेब? चुकलं काय?"

"नाही. तुह्या पोरीचा नंबर लागला."

जागेश्वरनं आधी फळ्याला हात जोडले, मग बाबनरावांना. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. बाबनराव यादीच्या तळाशी पाहत होते. शेवटचं नाव दोनशे एकोणपन्नासवर संपलं होतं.

डोकं थांबायला तयार नव्हतं. एकोणीस वर्षांची सवय. शहाऐंशी, त्र्याऐंशी, पंच्याण्णव. दोनशे चौसष्ट. पुन्हा खालून वर बेरीज केली. दोनशे चौसष्ट.

"आन् आपल्या गिरिधरचे किती होते, भाऊ?" जागेश्वरनं भाबडेपणानं विचारलं. "या तीन विषयांत?"

बाबनरावांनी खिशावर हात ठेवला. आत तक्ता होता.

"बेरीज नाही केली," ते म्हणाले.