भरल्या होडीचा बाजा

नलूचं लग्न झालं त्या सत्त्याऐंशी साली तिच्या बापाने जावयाला, वामनला, टेपरेकॉर्डर दिला. वामनने बोईसरच्या बाजारातून एका टीव्ही मालिकेच्या संगीताची कॅसेट आणली. सिनेमा असो की मालिका, त्या संगीतकाराचा हात सगळीकडे चालायचा. या कॅसेटमध्ये त्याने बुडतं जहाज उभं केलं होतं: ढोल, शंख आणि माणसांचा आकांत.

दांडी गावात म्हावऱ्याने, मासळीने भरलेली होडी बाजा वाजवत येते, म्हणजे बायका टोपल्या घेऊन निघतात. वामन टेप होडीवर नेऊन भोंग्यावर नेमका तो आकांत लावायचा. म्हातारा बाप महादू चिडायचा, "मेल्या, दर्यावर बोंब कसली वाजवतंस?"

"बाबा, तुमची सून याच बोंबेवर धावत येते!"

माघातल्या धुक्याच्या सकाळी खाडीच्या तोंडाशी आकांत उठला आणि थांबेचना.

"वैनी, ढोल नाय गो ऐकू येत," नणंद शकू म्हणाली.

"धुकं हाय ना. लय म्हावरं गावलंय तुज्या दादाला, टेप बंदच करत नाय बग." नलूने हसत टोपली धुतली, अंबाड्यात फूल खोवलं आणि सावकाश निघाली.

 

वामन त्याच सकाळी, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, बुडून मेला.