नव्या मुलांची रांग

"घाबरायचं नाही," बुनथान तिसऱ्यांदा म्हणाला.

"बाबा, तुम्हीच घाबरलायत," नुई हसत म्हणाली.

थायलंडमधल्या खोन केनच्या विद्यापीठाच्या फाटकाशी तिघं उभी होती. बुनथान, सैन्यातून नुकताच सुटून आलेला त्याचा बावीस वर्षांचा मुलगा तोन, आणि तोनच्या कोपराशी जेमतेम पोचणारी चौदा वर्षांची नुई. दोघांचे पांढरे शर्ट बुनथाननं पहाटे स्वतः इस्त्री केले होते. आधी ते काम त्याची बायको करायची. हुशार मुलांची परीक्षा देऊन नुईनं शाळेतून थेट विद्यापीठात जागा मिळवली, तेव्हा शाळेच्या फाटकावर तिच्या फोटोचा फलक लागला होता. बायकोनं त्या दिवशी गल्लीभर जेवण घातलं होतं.

आज बुनथानला एकच काळजी होती. पहिल्या दिवशी इथले सीनियर नव्या मुलांना रांगेत बसवतात, ओरडून नाव सांगायला लावतात, नाचायला लावतात. शेजारच्या सोमजाईचं पोर दुपारीच घरी पळून आलं आणि परत गेलंच नाही. आज तसंच झालं तर?

"कोणी ओरडलं तर?"

"ओरडू दे. गंमत असते ती," नुई म्हणाली.

"आणि रडू आलं तर?"

"बाबा, हळू!" तोनचे कान लाल झाले. "लोक ऐकतायत."

"तू हिच्याजवळच राहा."

"राहतो हो."

"पिशवीत चिकट भात आहे. दोघं वाटून खा. भांडू नका."

तेवढ्यात काळे शर्ट घातलेले पाच धिप्पाड सीनियर फाटकातून सरळ त्यांच्याकडेच आले. बुनथान नकळत पोरांच्या पुढे सरकला.

"काका, घरच्यांनी इथंच थांबायचं," त्यातला एक म्हणाला.

"जरा सांभाळून घ्या, बाळांनो. घरात आई नाहीये."

"काळजी करू नका. आमच्याकडे वय नाही बघत. आधी आला तो मोठा."

मग पाचही जण हात जोडून नुईपुढे वाकले. "ताई, किती उशीर! तुमच्या तिसऱ्या वर्षाचे सगळे तुमच्यासाठीच थांबलेत. रांग कधीची बसलीय."

नुईनं त्यातल्या एकाच्या हातातली शिट्टी घेतली, गळ्यात अडकवली आणि मागे वळून मान उंच केली.

"काय रे, नवीन का? नाव सांग! मोठ्यानं! पळायचं असेल तर आत्ताच पळ."

तोननं एकदा बापाकडे पाहिलं, मग हात जोडून कमरेत वाकला.

"तोन, पहिलं वर्ष... ताई!"