अबोला

पत्रा कापायच्या मशीनवरचे काका तिच्याशी तीन आठवडे एक अक्षर बोलले नव्हते. कारखान्यात नवी लागलेली ती त्यांच्या डावीकडे बसून तुकडे तपासायची, आपणहून बोलायला जायची, काका ढिम्म. "स्वतःला समजतात कोण?" ती घरी चरफडायची. एके दिवशी मशीनच्या खडखडाटात फोर्कलिफ्ट डावीकडून हॉर्न देत मागे आली, तरी काका हलेनात. तिनेच दंडाला धरून ओढलं. काका म्हणाले, "पोरी, डावा कान गेलाय. साहेबांना सांगू नकोस, नोकरी जाईल." तिचा राग कुठल्या कुठे पळाला. "सांगायला हवं, काका. मी येते बरोबर." साहेबांनी ऐकून घेतलं, फोर्कलिफ्टवर लुकलुकता दिवा बसवायला सांगितला आणि काकांना मशीनवरच ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती आली, तर तिचं टेबल काकांनी आपल्या उजवीकडे ओढून ठेवलं होतं. "बस," ते म्हणाले, "आणि बोल आता."